एकाच वाळूचे दोन आकडे

पुळणीलगतच्या प्लॉटवर पायाचं काम निघालं की माती-तपासणीचे दोन कागद हातात येतात आणि त्यांचं आपसात जमत नाही. प्लेट लोड टेस्टचा, म्हणजे लोखंडी प्लेटवर ओझं टाकून ती किती खचते हे मोजण्याचा कागद म्हणतो, वाळूचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, २० मेगापास्कल. घणाने ठोकून जमिनीत सोडलेल्या लाटांच्या वेगावरून काढलेला कागद म्हणतो, ११०. मग साइटवर वाद सुरू होतो. कुणी म्हणतं दुसरा अहवाल चुकलाय, कुणी दोन्हींची सरासरी काढून मोकळं होतं. सरासरी हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग. दोन्ही आकडे खरे असतात आणि त्यांच्या सरासरीला काहीच अर्थ नसतो. वाळू किती ताठ आहे हे तिला किती ढकललं यावर ठरतं, आणि या दोन तपासण्यांनी तिला फार वेगवेगळं ढकललेलं असतं.

किती वेगवेगळं ते बघा. घणाच्या घावाची लाट काही मीटर दूर पोचते तेव्हा तिथला स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेतला बदल, दहा लाखात एक-दोन असतो. ३०० मिलिमीटरची प्लेट ५ मिलिमीटर खचते तेव्हा ती हालचाल प्लेटच्या साधारण दुप्पट खोलीत, म्हणजे ६०० मिलिमीटरांत वाटली जाते. भागाकार केला तर शंभरात पाऊणच्या वर. दोन्हींत काही हजार पटींचं अंतर आहे. पोलादाला हा प्रश्न विचारावा लागत नाही, कारण हजारात एक स्ट्रेनपर्यंत त्याचा मॉड्युलस जागचा हलत नाही. वाळू मात्र लाखात एकच्या पुढे गेली की मऊ पडायला लागते.

हा लाखात एकचा आकडा कुठून येतो हे कळलं की पुढचं सगळं आपोआप लागतं, म्हणून आधी दोन दाण्यांकडे अगदी जवळून पाहू.

अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे क्वार्ट्झचे गोल दाणे धरा. त्यांच्या ढिगावर सगळीकडून १०० किलोपास्कल दाब आहे, म्हणजे सहा-एक मीटर कोरड्या वाळूच्या वजनाएवढा. एका दाण्याला सरासरी सहा शेजारी टेकलेले असतील तर एका टेकण्याच्या जागी ०.०२ न्यूटन बळ येतं. हातात दोन ग्रॅम वजन धरल्यावर जेवढं जाणवेल तेवढं. दोन गोल एकमेकांवर दाबले की काय होतं याचं गणित हाइनरिश हेर्ट्झने १८८२ साली मांडलं. त्यात हे आकडे घातले तर दोन दाणे एकमेकांच्या ०.१ मायक्रॉन जवळ सरकतात आणि टेकण्याच्या बिंदूचा एक चपटा गोल ठसा होतो. त्याचा व्यास ७ मायक्रॉन. दाणा सोललेल्या नारळाएवढा मोठा करून पाहिला तर हा ठसा तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा भरेल. बाकीचा सगळा नारळ जवळजवळ न दबलेला.

वाळूची स्थितिस्थापकता राहते ती या ठशांमध्ये. क्वार्ट्झ स्वतः भलता ताठ आहे, त्याचा मॉड्युलस ९० गिगापास्कलच्या पुढे. पण ढिगाला दाबताना दाणे दबतच नाहीत, ठसे तेवढे दबतात. म्हणून ढिगाचा ताठपणा क्वार्ट्झच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो. आणि दाब वाढला की ठसा रुंदावतो, रुंद ठसा जास्त ताठ असतो. म्हणजे ताठपणा हा वाळूचा कायमचा गुण नाही, वरचं ओझं तो तिला देतं. ओझं काढलं की गेला. मुठीतल्या कोरड्या वाळूला आकार नाही, आणि तीच वाळू सहा मीटर खाली २५० मीटर प्रतिसेकंद वेगाने शिअर लाट, म्हणजे दाण्यांना बाजूने हलवत जाणारी लाट, नेते, ते यामुळेच.

आता दाण्यांना बाजूने ढकला. १९४९ साली रेमंड मिंडलिनने दाखवलं की ठशाच्या कडेला दाब शून्यावर येतो, त्यामुळे घर्षणाची पकडही तिथे शून्य, आणि म्हणून बाजूचं बळ कितीही छोटं असलं तरी कडेचा एक बारीक कंगोरा घसरतोच. मधला भाग चिकटून असतो. बळ वाढलं की घसरणारा कंगोरा आत सरकत जातो आणि मधली चिकटलेली टिकली लहान होत जाते. घर्षणांक ०.५ धरला तर वरच्या दाण्यांसाठी ती टिकली साधारण ०.०५ मायक्रॉन सरकण्यावर संपते आणि पूर्ण ठसा सुटतो. ०.०५ मायक्रॉन भागिले दाण्याचा ५०० मायक्रॉन व्यास: दहा हजारात एक.

हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिकार्डो डोब्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली याच वाटेने जाऊन सांगितलं की दहा हजारात एक शिअर स्ट्रेनच्या खाली पाण्याने भरलेल्या वाळूत छिद्रांतला दाब वाढत नाही. प्रयोगांतही उंबरठा तिथेच सापडतो. त्याच्या दसपट खाली, लाखात एकपर्यंत, घसरणारा कंगोरा इतका बारीक असतो की वाळू सरळ रेषेत वागते, म्हणजे जितकं बळ तितकाच बदल, आणि सोडल्यावर जागेवर येते. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात ती मऊ होत जाते, थोडी ऊर्जा घर्षणात घालवते, पण शेजारी तेच राहतात. दहा हजारात एकच्या पलीकडे शेजारी बदलतात. कोरडी सैल वाळू तिथे हादऱ्यागणिक बसत जाते, आणि पाणी भरलेली असेल तर बसायला जागा न मिळून पाण्यावरचा दाब चढतो.

आपल्याला ओळखीची आहे ती या पलीकडची वाळू. ओल्या पुळणीवर पाऊल टाकलं की भोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी होते. दाण्यांना एकमेकांवर चढून जावं लागतं, मधली पोकळी वाढते, वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ साली हे समजावून सांगितलं. पाऊल उचललं तरी ठसा राहतो. तिथे स्ट्रेन शंभरात कितीतरी आहे, म्हणून पावलाच्या ठशावरून वाळूच्या स्थितिस्थापकतेचा अंदाज बांधता येत नाही. भूकंपाचा जोरदार हादरा या दोन टोकांच्या मधे पडतो. तिथे लहान स्ट्रेनचा मॉड्युलस सुरुवात म्हणून घ्यायचा आणि स्ट्रेन वाढेल तसा मॉड्युलस किती उतरतो हे दाखवणाऱ्या, सीड आणि इद्रिस यांनी १९७० मध्ये मांडलेल्या प्रकारच्या वक्रावरून खाली यायचं. १०० किलोपास्कल दाबाखालच्या वाळूत हजारात अर्धा-पाऊण स्ट्रेनला मॉड्युलस निम्म्यावर आलेला असतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घाटाखालीही जाणवला होता, तेव्हा कोकणातल्या खाडीकाठच्या वाळूसाठी ही आकडेमोड कोरी पुस्तकी नाही.

हेर्ट्झचं गणित सरळ लावलं तर मॉड्युलस दाबाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढायला हवा. खऱ्या वाळूत तो वर्गमुळाच्या जवळपास वाढतो. हा फरक बरीच वर्षं अभ्यासकांना छळत होता. डफी आणि मिंडलिन यांनी १९५७ मध्ये पोलादी गोळ्यांची नीट रचलेली थप्पी घेतली. गोळ्यांच्या आकारात अगदी किंचित कमीजास्त असेल तर उत्तर वर्गमुळाकडे झुकतं, आणि जास्त अचूक गोळे घेऊन दाब वाढवला की घनमुळाकडे सरकतं. म्हणजे कमी दाबाला थप्पीतले कितीतरी गोळे एकमेकांना टेकलेलेच नसतात, दाब वाढेल तसे नवे टेकत जातात आणि ताठपणा दोन्हीकडून वाढतो: जुने ठसे रुंदावतात, नवे तयार होतात. पुळणीच्या दाण्यांना कंगोरे आणि खडबडीत पाठही असते. जे. डी. गोडार्डने १९९० मध्ये या दोन्ही कारणांची नीट मांडणी केली. आणखी एक गुंता आहे. सगळे दाणे एकसारखे सरकतात असं धरून सरासरी काढली तर शिअर मॉड्युलस खऱ्यापेक्षा जास्त येतो, कारण खरे दाणे ढकलल्यावर आपापली सोय बघून थोडे वळतात, थोडे बाजूला होतात. माक्से आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये संगणकावर दाणे रचून हे दाखवलं. म्हणून मला वाटतं, कामाच्या माणसाने सिद्धांतातून कारण घ्यावं आणि आकडा मोजून घ्यावा.

मोजायच्या आधी लहान स्ट्रेनच्या शिअर मॉड्युलसचा, म्हणजे बाजूने ढकलतानाच्या ताठपणाचा, अंदाज लागतोच. त्यासाठी हार्डिन आणि रिचर्ट यांचं १९६३ चं सूत्र अजून कामाला येतं. पोकळी-गुणोत्तर, म्हणजे दाण्यांमधली पोकळी भागिले दाण्यांचं घनफळ, याला ‘पो’ म्हणू. गोलसर दाण्यांसाठी: २.१७ मधून पो वजा करा, त्याचा वर्ग करा, त्याला एक अधिक पो ने भागा, ६९०० ने गुणा, आणि शेवटी किलोपास्कलमधल्या सरासरी परिणामी दाबाच्या (पाण्याचा दाब वजा करून दाण्यांवर उरतो त्याच्या) वर्गमुळाने गुणा. उत्तर किलोपास्कलमध्ये. टोकदार दाण्यांसाठी २.१७ च्या जागी २.९७ आणि ६९०० च्या जागी ३२३०. पो ०.६ आणि दाब १०० असेल तर १०६ मेगापास्कल येतात. पो ०.८ झाला की ७२. फक्त सैलपणाने एक तृतीयांश गेला. पो ०.६ च ठेवून दाब १०० वरून १० वर आला तर ३४, म्हणजे दोन तृतीयांश गेला. हे गुणोत्तर मनात पक्कं असलं की कुणाच्याही अहवालातला चुकीचा आकडा लगेच डोळ्यात खुपतो.

सूत्र सोपं आहे, पण कोकणात त्यात एक ठरलेली चूक होते, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या एका बाजूला पांढरा समुद्र, दुसऱ्या बाजूला काळा समुद्र. काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड खनिज आहे, आणि त्याची घनता ४.७ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५. पो थेट मोजता येत नाही, तो कोरड्या घनतेवरून काढावा लागतो आणि त्यासाठी दाण्यांची स्वतःची घनता लागते. सवयीने २.६५ घातलं की झालं. समजा जागेवरची कोरडी घनता घनसेंटिमीटरला २.० ग्रॅम आली. २.६५ धरून पो येतो ०.३३. असा घट्टपणा एकसारख्या दाण्यांच्या पुळणीच्या वाळूत मिळत नाही, तिथेच शंका यायला हवी. वाळूत घनफळाने निम्म्याच्या आत इल्मेनाइट असून दाण्यांची खरी घनता ३.४ असेल तर पो आहे ०.७०. सूत्रात घालून बघा: चुकीच्या पो ने मॉड्युलस खऱ्याच्या दुप्पट येतो. उपाय स्वस्त आहे. घनता-बाटली घ्या, आयएस २७२० च्या भाग ३ प्रमाणे मोजा, आणि प्रत्येक थराची वेगळी मोजा. इल्मेनाइट लाटांच्या धुण्याने पट्ट्यापट्ट्यांनी साचतं, त्यामुळे हातभर खाली वाळू बदललेली असू शकते. याचं दुसरं टोकही आहे. शिअर मॉड्युलस म्हणजे घनता गुणिले शिअर लाटेच्या वेगाचा वर्ग. जड वाळूत त्याच मॉड्युलसला लाट हळू जाते, म्हणून वेगावरून मॉड्युलस काढतानाही घनता अंदाजाने घातलेली चालत नाही.

शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू असेल तर गोल दाण्यांचं सूत्र वापरूच नका. तिथे पो सहज एकच्या पुढे जातो, चपट्या तुकड्यांच्या आतही पोकळी असते, आणि कडा चुरतात. असा नमुना प्रयोगशाळेत एकदा जास्त दाबाखाली गेला की दाब उतरवूनही तो पहिल्यासारखा राहत नाही. जागेवर जेवढा दाब आहे तेवढ्याच दाबाला आधी मोजा, वरचे दाब नंतर.

प्रयोगशाळेतलं मोजमाप कठीण का, ते एका आकड्यात सांगता येतं. १०० मिलिमीटर उंच नमुन्यात लाखात एक स्ट्रेन म्हणजे एक मायक्रॉन. ट्रायअॅक्सिअलच्या, म्हणजे नमुन्याला सगळीकडून दाबात धरून वरून दाबण्याच्या, साध्या यंत्रात हालचाल बाहेरून, दांड्यावर मोजतात. त्यात दांड्याची लवण, वरच्या टोपीचं नीट न बसणं, टोकाची विस्कटलेली वाळू, सगळंच मोजलं जातं, आणि वाळू आहे त्यापेक्षा कितीतरी मऊ दिसते. नमुन्याच्या अंगावर, मधल्या भागात बसवलेले एलव्हीडीटी, म्हणजे अगदी बारीक सरकणं मोजणारे विजेचे मापक, लागतात. त्यातही तापमान घात करतं: पोलादाची १०० मिलिमीटरची दांडी एक अंशाने तापली तर १.२ मायक्रॉन लांबते. म्हणजे दुपारी खिडकीतून ऊन आलं तर आपण वाळूऐवजी ऊन मोजतोय. एसी चालू-बंद होण्याची लय आलेखात स्पष्ट दिसते. खोलीचं तापमान स्थिर करून, नमुना आणि यंत्र काही तास तसंच ठेवून, मगच वाचन घ्यायचं.

यापेक्षा बेंडर एलिमेंट सुटसुटीत. पायझोसिरॅमिकची पातळ पट्टी नमुन्याच्या एका टोकात खुपसलेली, तशीच दुसरी समोरच्या टोकात. पहिलीला विजेचा झटका दिला की ती वाकते, शिअर लाट निघते, दुसरी ती पकडते. अंतर नमुन्याच्या उंचीचं धरायचं नाही, पट्टीच्या टोकापासून टोकापर्यंतचं धरायचं. १०० मिलिमीटरच्या नमुन्यात पट्ट्या पाच-पाच मिलिमीटर आत असतील तर ९०. वेग २५० असेल तर लाटेला ०.३६ मिलिसेकंद लागतात. १० किलोहर्ट्झचा झटका दिला तर लाटेची लांबी २५ मिलिमीटर, अंतर तिच्या साडेतीन पट. हे गुणोत्तर दोनच्या खाली जाऊ देऊ नका. लांबी मोठी झाली की शिअर लाटेच्या आधी एक खोटा खड्डा आलेखात उमटतो, आणि तोच आगमन समजून घेतला तर वेग फुगतो. वेळेत दहा टक्के चूक म्हणजे मॉड्युलसमध्ये वीस टक्के. तीन-चार वेगवेगळ्या वारंवारिता देऊन पाहा, आगमन जागेवर राहिलं तर ते खरं. पुळणीच्या वाळूत खारं पाणी असतं, पट्टीवरचा इपॉक्सीचा थर कुठे जरी चिरला तरी वीज झिरपते आणि झटका दिल्याच्या क्षणीच दुसऱ्या पट्टीवर सिग्नल दिसतो. तो लाटेचा नाही. नमुना न घालता, पट्ट्या नुसत्या खाऱ्या पाण्यात बुडवून एकदा तपासलं की ही भानगड आधीच कळते.

नमुना कसा भरला याचाही फरक पडतो. कोरडी वाळू ठरावीक उंचीवरून बारीक धारेने पाडली, की ओली करून थराथराने धुम्मसली, यावर तोच पो असूनही वेग वेगळा येतो, कारण ठसे कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते बदलतं. जागेवरच्या वाळूचे ठसे वर्षानुवर्षं मुरलेले असतात. आपण पिशवीत भरून आणली तेव्हाच ते मोडले. म्हणून जागेवर मोजणं मला जास्त पटतं.

जागेवर बोअर न घेता मोजायचं तर पृष्ठभागावरच्या लाटांची पद्धत. जमिनीची थरथर टिपणारे ४.५ हर्ट्झचे २४ जिओफोन, एक किंवा दीड मीटर अंतराने एका रेषेत. रेषेच्या टोकापासून पाच ते दहा मीटरवर लोखंडी ताटली ठेवून सहा-आठ किलोच्या घणाने ठोकायचं. वेगवेगळ्या वारंवारितांच्या लाटा वेगवेगळ्या खोलीपर्यंत पोचतात आणि त्यांच्या वेगावरून थरांचा शिअर वेग उलट काढता येतो. पृष्ठलाटेचा वेग शिअर वेगाच्या ९२ टक्क्यांच्या आसपास. १० हर्ट्झची लाट १५० मीटर वेगाने जात असेल तर लांबी १५ मीटर, आणि भरवसा तिच्या निम्म्या खोलीपर्यंत, साडेसात मीटर. त्यापुढचं संगणकाने काढून दिलं तरी मानू नका.

पुळणीवर यात चार गोष्टी बिघडतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत जिओफोनची खीळ पकड घेत नाही. वरची वीतभर वाळू सारून ओलसर थरात रोवा. ताटली पहिल्या चार-पाच घावांत खचते, ते घाव धरू नका. फुटणाऱ्या लाटांचा गडगडाट सतत आत येतो, म्हणून एकाच जागी नऊ घाव घेऊन बेरीज करा, गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल तिप्पट होतो. आणि रेषा किनाऱ्याला समांतर टाका. काटकोनात टाकली तर एका टोकाला पाणी फूटभर खाली, दुसऱ्या टोकाला दोन मीटर खाली, म्हणजे एकाच रेषेखाली दोन वेगळ्या वाळू. उधाणाच्या दिवसांत भरती-सुकतीबरोबर पाणी बरंच वरखाली होतं, तेव्हा भांगाचे दिवस बरे. रेषा टाकल्याची वेळ आणि हाताने खणलेल्या खड्ड्यातली पाण्याची पातळी, दोन्ही कागदावर हवीतच.

पाणी स्वतः शिअर लाट नेत नाही, त्यामुळे बुडाल्याने शिअर वेग थेट फारसा बदलत नाही. तो बदलतो परिणामी दाबातून. दाबणारी लाट मात्र पाण्यातून जाते आणि भरलेल्या वाळूत तिचा वेग एकदम १५०० च्या पुढे उडी मारतो. त्या वेगावरून वाळूच्या ताठपणाबद्दल काही कळत नाही, पाण्याची पातळी तेवढी कळते. बाजूला सडा असेल आणि वर जांभ्याचा कठीण थर, खाली मऊ चिकणमाती असेल तर ही पद्धत फसते, कारण ताठाखाली मऊ आल्याने लाटांच्या जाती एकमेकांत मिसळतात. तिथे बोअर घेऊन डाउनहोल मोजणीच, म्हणजे बोअरमध्ये जिओफोन उतरवून, करा.

आता सुरुवातीच्या दोन आकड्यांकडे. बंदरालगत बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर बसवायचाय. काँक्रीटचा ठोकळा ३ बाय २ बाय १.२ मीटर, वजन १७.३ टन, यंत्र धरून २१ टन. तळाच्या क्षेत्रफळाएवढ्या वर्तुळाची त्रिज्या १.३८ मीटर. उभ्या दिशेचा ताठपणा म्हणजे चार गुणिले शिअर मॉड्युलस गुणिले त्रिज्या, भागिले एक वजा पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर बाजूला किती फुगतं याचं माप). ते गुणोत्तर ०.२५ धरू. प्लेट टेस्टच्या २० मेगापास्कलला दोन गुणिले एक अधिक हे गुणोत्तर, म्हणजे अडीचने भागलं की शिअर मॉड्युलस ८ येतो, आणि ठोकळ्याची नैसर्गिक वारंवारिता ८.४ हर्ट्झ, मिनिटाला ५०६. लाटांच्या ११० वरून तसाच ४४ येतो (पो ०.७ आणि सरासरी दाब २५ धरून वरचं सूत्रही हेच सांगतं), आणि वारंवारिता १९.८ हर्ट्झ, मिनिटाला ११९०. यंत्र ११५० फेऱ्यांचं असेल तर प्लेटचा आकडा वापरणारा म्हणेल, आपण दुपटीहून वर आहोत, निर्धास्त राहा. खरं तर यंत्र बरोबर अनुनादावर, म्हणजे ठोकळ्याच्या स्वतःच्या तालावर, बसलेलं आहे. चांगल्या चाललेल्या यंत्राची हालचाल २० मायक्रॉन धरली आणि ती ठोकळ्याच्या त्रिज्येएवढ्या खोलीत वाटली तर स्ट्रेन लाखात दीडच्या घरात येतो. इथे ४४ हाच आकडा लागू आहे. ८ हा आकडा त्याच वाळूवर टाकी किंवा इमारत उभी केली तर ती किती खचेल हे विचारायला ठेवा.

उभ्या दिशेचा अनुनाद बराच बोथट असतो. ठोकळा वाळूत लाटा सोडत राहतो आणि त्यात ऊर्जा निघून जाते, या ठोकळ्याला डॅम्पिंग, म्हणजे हालचाल शमवणं, क्रिटिकलच्या (हेलकावा मुळीच उरत नाही त्या मर्यादेच्या) ४० टक्क्यांहून जास्त मिळतं. डुलण्याचं तसं नाही. एक कड खाली जाते तेव्हा दुसरी वर येते, दोन्हींच्या लाटा एकमेकींना खोडतात, डॅम्पिंग फारच थोडं उरतं. म्हणून डुलण्याची वारंवारिता वेगळी काढा, आणि ती काढतानाही लाटांवरचाच मॉड्युलस घाला. हालचाल वाढून स्ट्रेन दहा हजारात एकच्या पुढे गेला तर वाळू बसायला लागते, ठोकळा एका कडेला कलतो, कलल्यावर डुलणं आणखी वाढतं.

कोकणात याला पावसाची जोड आहे. तपासणी बहुधा मे महिन्यात होते, पाणी तीन मीटर खाली असताना. ठोकळ्याखाली दीड मीटरवर वाळूच्या स्वतःच्या वजनाचे २५ किलोपास्कल आणि पायाचे २१. जुलैत पाणी तळापर्यंत चढलं तर वाळूचे २५ चे १५ होतात, पायाचे २१ तेवढेच राहतात. ४६ चे ३६. वर्गमुळाने मॉड्युलस बारा टक्क्यांनी उतरतो, वारंवारिता सहा टक्क्यांनी, आणि ११९० चे ११२० होतात. ११५० फेऱ्यांचं यंत्र मे ते जुलै या दोन महिन्यांत अनुनादाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं, कुणी एक नटसुद्धा न हलवता. हिशेब दोन्ही पाण्यांना करून ठेवा, आणि जवळच्या विहिरीची ऑगस्टमधली पातळी घरमालकाला विचारून घ्या.